अस्थिभंग व सांधेदुखापतींतील विरळ उपद्रव (खानदेश)

हाड मोडल्यावर किंवा सांधा निखळल्यावर मूळ इजेच्या मागून येणाऱ्या वेगळ्या बिघाडाला उपद्रव म्हणतात. हाड वाकडे जुळणे, उशिरा जुळणे, सांधा आखडणे हे नेहमीचे उपद्रव होत. येथे विचार केला आहे तो क्वचित होणाऱ्या, पण हात, पाय किंवा जीवच घेणाऱ्या उपद्रवांचा, आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत ते कशामुळे बळावतात याचा.

जोखमीचे घटक : तापीकाठचा कापूस-केळीचा सपाट पट्टा आणि उत्तरेचा सातपुडा यांतल्या इजा सारख्या नसतात. सपाटीवर दुचाकी, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर मार्गांवरचे अपघात जास्त. डोंगरात झाडावरून पडणे जास्त. नंदुरबारच्या अक्राणी व अक्कलकुवा भागात उन्हाळ्यात आमचुरासाठी कैऱ्या उतरवतात. उंच आंब्यावरून उभा पडलेल्या माणसाची टाच मोडते, आणि तोच झटका वर चढून कंबरेचा मणकाही दबू शकतो. टाच सुजते म्हणून दिसते, मणका राहून जातो. त्यामुळे अशा रुग्णाचा पाठीचाही एक्स-रे काढावा लागतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यांवरून पडलेली पाच ते आठ वर्षांची मुले हात टेकवून पडतात व कोपराच्या लगेच वर दंडाचे हाड मोडून घेतात. या मोडीला सुप्राकॉन्डिलर म्हणतात. दंडाची रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी) व हाताची मुख्य चेता (मज्जातंतू) या जागेच्या अगदी पुढून जातात, म्हणून लहान मुलांतील सर्व मोडींत ही सर्वांत जपण्याची.

शरीरातले घटक सर्वत्र सारखेच : उतारवयात हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, विडी-सिगारेट, दारू, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे. सांधेदुखीवर मिळणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड असू शकते, हे रुग्णाला ठाऊक नसते. त्याने खुब्याचा गोळा रक्ताविना मरू शकतो. खानदेशापुरता वेगळा घटक म्हणजे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याचा विचार पुढे केला आहे.

व्होल्कमन आकुंचन व कप्प्यातील दाब : कोपरापुढील हाताचे आणि पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या चिवट आवरणाच्या कप्प्यांत बसलेले असतात. आत रक्तस्राव वा सूज वाढली, किंवा बाहेरून पट्टी आवळली गेली, की कप्प्यातला दाब चढतो व केशवाहिन्यांतला रक्तप्रवाह थांबतो. साधारण ६ ते ८ तासांनंतर स्नायू कायमचा मरू लागतो. मेलेल्या स्नायूच्या जागी आखडणारा तंतुमय ऊतक येतो आणि बोटे पंजासारखी वळतात. अशा मुलाचे मनगट आत वाकवले तर बोटे सरळ होतात, मनगट उचलले की पुन्हा मिटतात. पेला धरायचा तर ते मूल आधी मनगट खाली पाडते, बोटे उघडते, पेला आत घेते आणि मग मनगट वर आणते.

हा विकार प्रथम कोणी वर्णिला याबद्दल मतभेद आहेत. १९०६ मध्ये हिल्डेब्रांट यांनी त्याला व्होल्कमन यांचे नाव जोडले, पण १८५० च्या सुमारास हॅमिल्टन यांनी तो आधी नोंदवल्याचेही सांगितले. हॅमिल्टन यांचा मूळ मजकूर नंतरच्या अभ्यासकांना सापडलेला नाही. त्यामुळे हाले येथील शल्यविशारद रिखार्ट फोन व्होल्कमन यांचा १८८१ चा लेख हाच पहिला खात्रीचा आधार मानणे बरे. कारणाबद्दलचा वाद याहून महत्त्वाचा आहे. व्होल्कमन यांनी दोष घट्ट पट्टीला दिला. १९०९ मध्ये टॉमस यांनी छापील रुग्णवृत्तांत पडताळले, तेव्हा मुख्य कारण अस्थिभंग दिसले आणि पट्टी हे अनेक कारणांपैकी एक ठरले. मर्फी यांनी १९१४ मध्ये आवरण वेळीच चिरले तर आकुंचन टळेल असे सुचवले. जेप्सन यांचे १९२६ चे प्राण्यांवरील प्रयोग त्याच दिशेचे होते. १९४० मध्ये ग्रिफिथ्स यांनी रोहिणीच्या आकसण्यावर भर दिला आणि त्यानंतर बरीच वर्षे लक्ष स्नायूंच्या कप्प्याऐवजी रोहिणीकडेच राहिले. १९७५ मध्ये मॅटसेन यांनी ही सर्व कारणे शेवटी एकाच ठिकाणी, बंद कप्प्यातील दाबात, मिळतात असे मांडले. आज हेच मत धरले जाते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की हात गमावल्याचा सगळा दोष हाडवैद्याच्या कामट्यांवर टाकता येत नाही. ताज्या, सुजू पाहणाऱ्या हातावर दवाखान्यात चढवलेले पूर्ण गोलाकार प्लास्टरही तेच करते. मात्र गावी बांधलेली पट्टी तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी उघडायची असते, आणि मधल्या रात्री मूल रडले तर ‘हाड बसतंय, दुखणारच’ अशी समजूत घातली जाते. घात होतो तो या समजुतीने.

नाडी लागते म्हणून निर्धास्त राहणे ही दुसरी चूक. कप्प्यातला दाब रोहिणी बंद करण्याइतका चढण्याच्या कितीतरी आधी केशवाहिन्या बंद पडतात. मनगटावर नाडी लागत असते आणि आत स्नायू मरत असतो. भरवशाची खूण एकच : इजेच्या मानाने फार जास्त, औषधाने न दबणारी वेदना, आणि बोट हलकेच सरळ केले तरी उठणारी कळ. बोटे बधिर होणे, फिकी वा निळसर पडणे ही उशिराची लक्षणे. लहान मूल बधिरपणा सांगू शकत नाही. ते अस्वस्थ होते व पुन्हापुन्हा वेदनाशामक मागते. मॅक्वीन व कोर्ट-ब्राउन (१९९६) यांच्या मते खालचा रक्तदाब व कप्प्यातील दाब यांतील अंतर ३० मिमी. पाऱ्यापेक्षा कमी झाले, तर आवरण चिरावे. त्याआधी घरी, वाटेत, कोठेही करण्याजोगे काम म्हणजे पट्टी, कामट्या, बांगड्या, काळा दोरा असे सर्व काढणे आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवणे. हात फार उंच टांगू नये. त्याने उरलासुरला रक्तपुरवठाही घटतो.

घट्ट बांधण्याचा धोका आपल्या वैद्यकाला नवा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या काळाबद्दल इ.स.पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत मते आहेत. हाती असलेला पाठ अनेक टप्प्यांत सिद्ध झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिच्या चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात सैल बंधाने सांधा स्थिर राहत नाही व घट्ट बंधाने सूज, वेदना आणि पाक (पू) होतो, म्हणून बंध मध्यम असावा, असे म्हटले आहे. बंध थंड ऋतूत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी, उष्ण ऋतूत तीन दिवसांनी किंवा मोडीची अवस्था पाहून बदलावा असेही सांगितले आहे. आधाराच्या पट्ट्यांसाठी दिलेल्या झाडांत मोह, पळस, वड व बांबू आहेत. सातपुड्यात ही सगळी मिळतात. बांबूच्या कामट्या, कांडवेलीचा वा आंबेहळदीचा लेप ही रीत टिकली, पण ‘अवस्था पाहून’ हा भाग मात्र पुष्कळ ठिकाणी सुटला.

सिकल सेल व हाडे : हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागोत या आजारातल्या कोयत्यासारख्या रक्तपेशी वर्णिल्या. भारतातील पहिली नोंद १९५२ ची. निलगिरीतील जमातींवरील लेमन व कटबुश यांची नोंद सहसा उद्धृत होते, त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही तो आढळला होता. खानदेशात भिल्ल, पावरा व मावची समाजांत तो विशेष दिसतो. भिल्ल व पावरांत वाहकांचे (एकाच पालकाकडून दोष आलेल्यांचे) प्रमाण काही पाहण्यांत २० टक्क्यांपेक्षा जास्त आले आहे. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकते, म्हणून इथला आजार सौम्य असतो असे १९८० च्या दशकापासून मांडले गेले. मध्य भारतातील नंतरच्या रुग्णांत तीव्रतेचा मोठा फरक आढळला; हाडांच्या बाबतीत तरी ‘सौम्य’ हा शब्द जपून वापरावा. आजाराबरोबर अल्फा थॅलॅसीमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोष असेल तर रक्तक्षय कमी दिसतो, पण खुब्याचा गोळा मरण्याची शक्यता उलट वाढते.

अशा मुलाचे हाड दुखू लागले तर पाहणाऱ्यापुढे तीन शक्यता असतात : मार लागला, वेदनेचा झटका आला, की हाडात पू झाला. तिन्हींत सूज, ताप, हात-पाय न हलवणे सारखेच दिसते. पुवाला कारण साल्मोनेला हा जंतू की स्टॅफिलोकोकस, याचे उत्तर देशोदेशी वेगळे आले आहे. तेव्हा पू तपासूनच औषध ठरवावे. खुब्याचा गोळा मरू लागला की दुखते जांघेत किंवा चक्क गुडघ्यात, आणि ‘मुरगळला असेल’ म्हणून मालिश चालू राहते. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असतो; एमआरआयमध्ये बिघाड आधी कळतो. नुसत्या वाहकाचे मोडलेले हाड इतरांसारखेच जुळते, हेही सांगायला हवे, कारण वाहकाला मिळणारे पिवळे कार्ड पाहूनच घरचे धास्तावतात. पूर्ण आजार असलेल्याच्या शस्त्रक्रियेत मात्र पाणी, ऊब व प्राणवायू कमी पडू देत नाहीत आणि रक्त रोखणारा पट्टा फार विचाराने बांधतात.

चरबीची गुठळी : मांडीचे हाड मोडल्यावर मज्जेतील चरबीचे थेंब रक्तात जाऊन फुप्फुस व मेंदूत अडकतात. झेंकर यांनी १८६२ मध्ये हे शवविच्छेदनात पाहिले, बेर्गमान यांनी १८७३ मध्ये जिवंत रुग्णात ओळखले. अडथळा नुसता थेंबांचा, की चरबीच्या विघटनाने फुप्फुस पोळते, यावर दोन मते आहेत. दोन्ही क्रिया घडत असाव्यात. इजेनंतर २४ ते ७२ तासांत दम लागतो, माणूस असंबद्ध बोलतो, छाती, काख व पापणीच्या आतल्या बाजूवर बारीक लाल ठिपके येतात. तरुण, धडधाकट रुग्ण दुसऱ्या दिवशी बरळू लागला तर नातेवाइकांना बाहेरची बाधा वाटते. अशा वेळी आधी प्राणवायूचे प्रमाण मोजावे. मोडलेला पाय चांगल्या पायाला बांधून स्थिर करणे व हाड लवकर बसवणे याने धोका घटतो. सिकल सेलमध्ये हाड न मोडताही, मज्जा मेल्यामुळे, हाच उपद्रव होऊ शकतो.

मुका मार : रक्त दिसत नाही म्हणून मुका मार किरकोळ धरला जातो. यात्रेत बारागाड्या (एकमेकींना जोडलेल्या बारा गाड्या) ओढताना चाक मांडीवरून गेले, तर कातडी शाबूत राहून तिच्याखालचा थर स्नायूपासून सुटतो व पोकळीत रक्त आणि चरबी साठते. मोरेल-लाव्हाले या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव असलेल्या या इजेच्या पहिल्या वर्णनाचे साल कोठे १८५३ तर कोठे १८६३ दिले जाते. काही दिवसांनी हाताला थुलथुलीत गोळा लागतो. त्याला शेकू किंवा चोळू नये.

सांध्यांचे उपद्रव : निखळलेला कोपर बसवल्यावर जोराने चोळला तर भोवतीच्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते व सांधा कायमचा अडकतो. कोपर रुग्णाने स्वतः हलवावा, दुसऱ्याने ओढू नये. मोटारपंपाचा शॉक बसल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो जवळजवळ जागेवर दिसतो. तळहात वर न वळणे ही खूण, आणि काखेतून घेतलेला एक्स-रे हा पुरावा. मनगटाच्या मोडीनंतर महिनोन्महिने आग होणारा, घामेजणारा, रंग बदलणारा हात झूडेक यांनी १९०० मध्ये वर्णिला. तो दुखण्याचे सोंग नव्हे.

सर्वांत फसवा सांधा गुडघा. दुचाकीच्या धडकेत तो पूर्ण निखळतो, कित्येकदा रस्त्यावरच आपोआप जागेवर येतो आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत नुसता सुजलेला दिसतो. मागची रोहिणी मात्र फाटलेली असू शकते. ग्रीन व ॲलन (१९७७) यांच्या रुग्णांत ८ तासांच्या आत रक्तपुरवठा पूर्ववत झाला तेथे पाय कापावा लागण्याचे प्रमाण ११ टक्के होते, त्यानंतर झाला तेथे ८६ टक्के. हे ८ तास इजेच्या क्षणापासून मोजतात. झोळीतून पाड्याखाली उतरणे, सातपुड्यातला चांदसैली घाट, तालुक्याच्या दवाखान्यातली चिठ्ठी आणि पुढचा प्रवास हे सगळे त्यातूनच वजा होते.