निकेल जागचं हलत नाही म्हणून

इंदूरच्या सराफ्यात कोणत्याही सोनाराच्या पुढ्यात टाकणखार सापडतो; डाक लावताना तो लागतोच. हाच टाकणखार लोहाराच्या भट्टीत गेला की पोलादाच्या दोन पट्ट्या न वितळवता एकजीव व्हायला मदत करतो. लाटांची नक्षी असलेलं थरांचं पोलाद, म्हणजे दमास्कस, असंच बनतं. लोकांना ते चाकू-तलवारींमुळे माहीत असतं, पण शिकायला पेंडंट बरं. त्याला धार नको, पाणी पाजणं नको. निम्मी कटकट तिथेच संपते.

पोलादं दोन लागतात. एक साधं, 1084 क्रमांकाचं, सुमारे 0.84 टक्के कार्बनचं. दुसरं 15एन20, त्यात साधारण 0.75 टक्के कार्बन आणि 2 टक्के निकेल. आरा मशीनची काही पाती या जातीची असतात. सगळी नसतात, म्हणून भंगारातून उचललेल्या पात्यावर भरवसा नको. पट्ट्या एकाआड एक रचून सुमारे 1200 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे लख्ख पिवळ्या होईपर्यंत तापवतात. अडचण असते ती पृष्ठभागावरच्या ऑक्साइडची. टाकणखार 743 अंशांना वितळतो, ऑक्साइड आपल्यात विरघळवतो आणि हवाही अडवतो. घणाचा दाब पडला की तो रस बाहेर उडतो (चष्मा हवाच), आणि स्वच्छ लोखंड स्वच्छ लोखंडाला भिडून जुळतं.

आता खरी गंमत. नक्षीतले काळे पट्टे जास्त कार्बनचे आणि पांढरे कमी कार्बनचे, असं सर्रास सांगितलं जातं. थर पातळ झाले की ते खरं राहत नाही. रात्रीच्या सराफ्यातल्या गर्दीत लहान मूल मोठ्यांच्या मधून निसटतं, तसा कार्बनचा छोटा अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून सरकतो. एवढ्या उष्णतेत तासाभरात तो अर्धा मिलिमीटर तरी जातो, त्यामुळे सगळ्या थरांत कार्बन जवळपास सारखा होतो. निकेलचा अणू मात्र लोखंडाच्या अणूएवढाच. शेजारी जागा रिकामी झाली तरच तो हलणार. तेवढ्याच तासात त्याची मजल काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग. म्हणजे नक्षी टिकते ती निकेलमुळे. फेरिक क्लोराइड या लोखंड खाणाऱ्या रसायनात बुडवल्यावर साधं पोलाद लवकर खाल्लं जातं, काळवंडतं. निकेलचा थर चकचकीत राहतो.

सात पट्ट्यांची घडी घातली की चौदा थर व्हायला हवेत, पण समोरासमोर येणारे थर एकाच जातीचे असल्याने होतात तेरा. पुढच्या घडीला पंचवीस. पेंडंटला एवढे पुष्कळ. शेकड्यांत गेलात तर इतक्या छोट्या तुकड्यावर नुसता करडा रंग दिसतो. शिवाय थरांना समांतर पृष्ठभागावर काहीच उमटत नाही. ड्रिलने उथळ खड्डे पाडून मग ठोकून सपाट केलं, की खालचे थर वर येतात आणि वलयं दिसतात.

पहिल्याच दिवशी भट्टी पेटवू नका. तयार थरांचा तुकडा विकत घ्या, करवतीने कापा, कानशीने आकार द्या, 400 ते 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि साबणाने तेलकटपणा काढा. मग काचेच्या बरणीत तीन-चार भाग पाण्यात एक भाग फेरिक क्लोराइडचं द्रावण घालून त्यात दहा मिनिटं बुडवा. हे रसायन सर्किट बोर्डासाठी वापरतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी लांब ठेवा. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, कोरडं करून मेण लावा. पावसाळ्यात पुन्हा लावावं लागेल.

पुढे भट्टीकडे वळलात तर जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा तार तिच्यात घालू नका, त्या धुराने ताप भरतो. आणि कानातली या पोलादाची करू नका. निकेलची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते, टोचलेल्या कानाला ती आधी जाणवते. दोरीत ओवलेलं, कपड्यांवर रुळणारं पेंडंटच चांगलं.