नव्या तीनचाकी मोटरसायकलचं पहिलं ऑइल कधी बदलायचं?

नवी तीनचाकी मोटरसायकल घेतली, पुढे दोन चाकं मागे एक असो की पुढे एक मागे दोन, की पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो की पहिली सर्व्हिसिंग कधी करायची. मग दहा जण दहा आकडे सांगतात, कोणी म्हणतं ५०० किमीला ऑइल काढून टाक, कोणी म्हणतं १,०००, कोणी म्हणतं अरे मॅन्युअलमध्ये ५,००० लिहिलंय, कशाला घाई करतोस. यातले बरेचसे आकडे खरेच असतात, फक्त ते वेगवेगळ्या इंजिनांचे असतात. कॅन-ॲम स्पायडरचंच बघा, सुरुवातीच्या ९९८ सीसी व्ही-ट्विन इंजिनाला पहिली सर्व्हिस १,००० किमीला होती आणि २०१४ पासून तिच्या आरटी मॉडेलमध्ये तीन सिलिंडरचं १,३३० सीसी इंजिन आलं तेव्हा तीच ५,००० किमीवर गेली. यामाहा निकेनला १,०००. हार्ले ट्राय ग्लाइडला १,६००. म्हणजे ‘तीनचाकीचं पहिलं ऑइल’ असा एकच आकडा नाहीच, तुमच्या इंजिनाचा काय तो बघायचा.

पण हे पहिलं ऑइल इतकं महत्त्वाचं का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

सिलिंडरची आतली भिंत आपल्याला वाटते तशी आरशासारखी गुळगुळीत नसते. फॅक्टरीत होनिंग करताना, म्हणजे भिंत बारीक दगडाने घासून घेताना, तिच्यावर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा काढतात, या रेघांमध्ये ऑइल साठून राहतं आणि पिस्टनवरच्या रिंगांना मिळत राहतं. रेघांच्या मधे जी टोकं वर आलेली असतात ती सुरुवातीला रिंगांवर काचपेपरसारखी घासतात, त्यात रिंगही थोडी झिजते, टोकंही सपाट होतात आणि दोघं एकमेकांना जुळून बसतात. हे बसणं झालं की मगच जळता गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये कमी निसटतो, इंजिन ऑइल खात नाही आणि पिकअप मोकळा वाटायला लागतो. झिजेचा आलेख काढला तर सुरुवातीला एकदम वर, मग पटकन खाली आणि नंतर हजारो किलोमीटर जवळजवळ सपाट असा दिसतो, आणि त्या सुरुवातीच्या उंच भागात सुटलेला सगळा कीस जातो कुठे तर पहिल्या ऑइलमध्ये.

त्यात भर गिअरची. बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना एकच ऑइल असतं (ट्राय ग्लाइडमध्ये तिन्हीचं वेगळं असतं). म्हणजे नव्या गिअरच्या दातांचा चुरा, क्लच प्लेटांची धूळ, जोडणी करताना लावलेलं ग्रीस, गॅस्केटच्या कडेचे सिलिकॉनचे तुकडे, सगळं त्याच ऑइलमधून फिरतं. शिवाय गिअरचे दात ऑइलमधल्या लांबलचक पॉलिमरच्या साखळ्या चिरडून तोडतात. ऑइल तापल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्या साखळ्या घातलेल्या असतात, त्या तुटल्या की ऑइल पातळ पडतं. कारच्या इंजिनातल्या ऑइलला हा त्रास सहसा नसतो, म्हणून कारचा हिशोब इथे लावू नका.

आता कोणी म्हणेल फिल्टर आहे ना. आहे, आणि मोठे कण तो पकडतोच. पण बेअरिंगमध्ये ऑइलचा थर असतो काही मायक्रॉनचा, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन म्हणजे विचार करा किती पातळ, आणि त्या थराच्या जाडीएवढे जे कण असतात तेच सगळ्यात जास्त ओरखडे काढतात, त्यातले बरेच फिल्टरमधून आरपार जातात. वर थंड इंजिन स्टार्ट करून लगेच रेस केलं तर घट्ट ऑइल फिल्टरमधून पुरेसं जात नाही, मग बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढा वेळ ऑइल न गाळताच फिरतं. तेही बरोबरच आहे, बेअरिंग कोरडी राहण्यापेक्षा गढूळ ऑइल परवडलं. पण म्हणून नव्या गाडीचं पहिलं ऑइल फिल्टरच्या भरवशावर ओढत नेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मग काही कंपन्या ५,००० किमी कशा चालवून देतात? होनिंग आता फॅक्टरीतच शेवटच्या टप्प्याला ती टोकं बऱ्यापैकी सपाट करून देतं, भाग जास्त अचूक बनतात, धुऊन स्वच्छ करून जोडले जातात, त्यामुळे कीस मुळातच कमी निघतो. ऑइलचं प्रमाण आणि फिल्टरचा आकारही हिशोबात धरलेला असतो. म्हणून ५,००० लिहिलं असेल तर तो आकडा विश्वासाने पाळा. मनाला पटत नसेल आणि १,००० लाच बदलायचं असेल तर तेही करा, योग्य ग्रेडचं ऑइल टाकलंत तर नुकसान काही नाही, फक्त एक ऑइल आणि फिल्टर जास्तीचा. उलटं मात्र करू नका, म्हणजे १,००० लिहिलंय आणि मित्राच्या गाडीला ५,००० आहे म्हणून आपणही थांबलो, असं नको.

चालवण्याचं सांगायचं तर पहिले हजारभर किलोमीटर सारखा फुल थ्रॉटल नको, पण अगदी घाबरत घाबरत एकाच स्पीडलाही नको. रिंग भिंतीवर दाबली जाते ती तिच्या स्वतःच्या ताणामुळे आणि त्याहून जास्त तिच्या मागे शिरणाऱ्या जळत्या गॅसच्या दाबामुळे. लोडच दिला नाही तर दाब कुठून येणार आणि रिंग बसणार कशी, म्हणून इंजिन गरम झालं की मध्यम पिकअप द्या, सोडा, गिअर बदलत राहा. तीनचाकीत लोड तसाही जास्तच असतो. पहिली निकेन आणि यामाहाचीच तेव्हाची दुचाकी एमटी-०९, दोन्हींत ८४७ सीसीचं इंजिन होतं, पण दुचाकीचं वजन १९३ किलोच्या आसपास आणि निकेनचं २६३.

जवळच्या जवळ थोडी थोडी चालवत असाल तर किलोमीटर बघून उपयोग नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, ती थंड इंजिनात ऑइलमध्ये उतरते, थोडं कच्चं पेट्रोलही उतरतं, आणि ऑइल पुरेसं तापलंच नाही तर दोन्ही तिथेच राहतात. म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटरच्या शेजारी ‘किंवा वर्षातून एकदा’ असं असतं, जे आधी येईल ते.

ऑइल काढताना जमलं तर स्वतः उभं राहून बघा. उन्हात ट्रेमधल्या ऑइलवर बारीक चंदेरी चमक दिसेल, घाबरू नका, पहिल्या ऑइलला ती असतेच. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर करडा लेप बसलेला असतो, तो दोन बोटांत चोळून बघा, लोण्यासारखा मऊ लागला तर नॉर्मल, पण टोचणारे तुकडे किंवा लांब कपच्या हाताला लागल्या तर मेकॅनिकला तिथल्या तिथे दाखवा. बोल्टचा वॉशर नवा टाकायला सांगा. आणि नवीन ऑइल ओल्या (ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या) क्लचला चालणारं, म्हणजे मॅन्युअलमध्ये जासो एमए हा मोटरसायकल ऑइलचा दर्जा लिहिला असेल तर तेच हवं, घर्षण कमी करणारी भारी भारी कारची ऑइलं टाकली की क्लच घसरायला लागतो.

त्याच वेळी बेल्टचा ताण, पुढच्या चाकांची अलाइनमेंट आणि चाकांचे नट बघून घ्या. पुढे दोन चाकं असल्यावर सरळ रस्त्यावर हँडल एका बाजूला ओढत असेल तर ते सांगायलाच पाहिजे, सवय होईल म्हणून सोडून देऊ नका, टायर एका कडेने खाल्ला जातो.

ऑइल भरलं की काम संपलं असं नाही. इंजिन चालू केल्यावर नवा फिल्टर ऑइल पिऊन घेतो आणि लेव्हल खाली येते, म्हणून परत मोजायचं, तेही मॅन्युअलमध्ये जसं दिलंय तसंच, कारण काही इंजिनांची लेव्हल गरम असतानाच खरी कळते, थंड इंजिनात कमी दिसली म्हणून वरून ओतत बसलात तर ऑइल जास्त होतं आणि एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन साचतं.