ग्रीन हायड्रोजन आणि क्लीन हायड्रोजन: आकडा तोच, हिशेब वेगळा

भारत सरकारचं मिशन ‘ग्रीन’ हायड्रोजनचं आहे, अमेरिकेचा आराखडा ‘क्लीन’ हायड्रोजनचा. बातम्यांत हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने येतात, आणि वाईट म्हणजे काही प्रकल्प अहवालांतही. टाकीतला वायू दोन्हीकडे सारखाच असतो. प्रयोगशाळेत कितीही तपासला तरी तो ग्रीन की क्लीन हे सांगता येणार नाही. फरक असतो तो उत्सर्जनाच्या हिशेबात, आणि अनुदान मिळणार की नाही, निर्यातीचा माल स्वीकारला जाणार की नाही, हे त्या हिशेबावर ठरतं. म्हणून हा हिशेब दोन्ही सरकारं कशी मांडतात ते नीट पाहायला हवं.

कशापासून बनला, की किती कार्बन सोडला

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने 4 जानेवारी 2023 रोजी मंजुरी दिली. तरतूद 19,744 कोटी रुपयांची, लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं. मात्र ‘हरित’ कशाला म्हणायचं हे ठरायला ऑगस्ट 2023 उजाडला. नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने तेव्हा जाहीर केलेल्या मानकात दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदमच पाळायच्या आहेत. पहिली, हायड्रोजन नवीकरणीय विजेने पाण्याचं अपघटन करून किंवा बायोमासपासून बनलेला हवा. दुसरी, एक किलो हायड्रोजनमागे 2 किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड (किंवा तितकाच ताप देणारे इतर वायू) बाहेर पडता कामा नये. ही मोजणी 12 महिन्यांच्या सरासरीने होते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा राष्ट्रीय आराखडा जून 2023 मध्ये आला. 2030 पर्यंत वर्षाला 1 कोटी टन, 2040 पर्यंत 2 कोटी आणि 2050 पर्यंत 5 कोटी टन अशी त्याची चढती लक्ष्यं. तिथल्या ‘क्लीन’च्या व्याख्येत पहिली अट नाहीच. नैसर्गिक वायू, अणुवीज, सौर, पवन, काहीही चालतं; फक्त एका किलोमागे 4 किलोच्या आत राहायचं.

म्हणजे अणुवीज वापरून बनवलेला हायड्रोजन कार्बनच्या बाबतीत 2 किलोच्याही खाली असू शकतो. अमेरिकेत तो क्लीन ठरतो, भारतात मात्र तो ग्रीन नाही. यावरून एक वाक्य प्रचलित झालं आहे: प्रत्येक ग्रीन हा क्लीन असतो, पण प्रत्येक क्लीन ग्रीन नसतो. वाक्याचा उत्तरार्ध बरोबर आहे. पूर्वार्ध कुठे तुटतो ते पुढे विजेच्या वेळापत्रकाकडे वळलो की दिसेल.

दोन देशांचे दोन किलो

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अमेरिकेच्या 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यातही क्लीन हायड्रोजनसाठी 2 किलोचाच आकडा आहे. भारताचाही 2. दोन्ही मानकं सारखीच कडक आहेत असं वाटणं साहजिक आहे, पण तसं नाही. त्या अमेरिकी कायद्यातले 2 किलो हे फक्त कारखान्याच्या आवारात बाहेर पडणारे. भारताचे 2 किलो हे पाण्याच्या शुद्धीकरणापासून हायड्रोजन वाळवून, दाबून फाटकाबाहेर पडेपर्यंतचे. अमेरिकेचं नंतरचं 4 किलोचं मानकही मुळापासून फाटकापर्यंत मोजतं, म्हणून तुलना करायचीच तर आपल्या 2 ची त्यांच्या 4 शी करायला हवी.

आवारात मोजणं आणि मुळापासून मोजणं यात किती अंतर पडतं ते नैसर्गिक वायूच्या कारखान्यात कळतं. मिथेनवर वाफेची प्रक्रिया करून हायड्रोजन काढला की एका किलोमागे सुमारे 9 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला साधारण 60 टक्के प्रक्रियेच्याच प्रवाहात, जास्त दाबाखाली असतो. तो पकडणं सोपं आणि स्वस्त. उरलेला भट्टीच्या धुरात विरळ असतो. फक्त सोपा भाग पकडला तर 4 किलोच्या आसपास धुराड्यातून जातोच. धूरही पकडून एकूण 90 टक्क्यांवर गेलं तर 0.9 किलो उरतो. आवारातल्या 2 किलोच्या अटीत हा कारखाना आरामात बसला.

आता मागे जाऊ. एक किलो हायड्रोजनला सुमारे 3.3 किलो मिथेन लागतो. विहिरीपासून कारखान्यापर्यंत त्यातला 1 टक्का गळला तर शंभर वर्षांच्या मापाने सुमारे 1 किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप वाढतो. गळती 2 टक्के धरा, वायू शुद्ध करायला आणि कार्बन पकडायला लागणारी ऊर्जा अर्धा किलो धरा: बेरीज 3.4 किलोच्या घरात. चारच्या आत, म्हणून अजूनही क्लीन. गळती साडेतीन टक्के झाली की हाच कारखाना 4.9 वर जाऊन नापास. गळणारा व्हॉल्व्ह शेकडो किलोमीटर दूर दुसऱ्याच कंपनीच्या ताब्यात असतो. कारखान्याने स्वतः काहीही चुकीचं केलेलं नसतं. वायूवर आधारलेल्या क्लीन हायड्रोजनचा खरा धोका हाच आहे, आणि धुराड्यावर बसवलेल्या कोणत्याही मीटरला तो दिसत नाही.

कॉम्प्रेसर कुठल्या लाइनवर आहे

ग्रीनच्या बाजूलाही असाच एक डोळ्याआड राहणारा भाग आहे. इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्याचं अपघटन करणारं यंत्र), त्याचे पंप आणि रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारं यंत्र) मिळून एक किलो हायड्रोजनला साधारण 53 युनिट वीज खातात. भारतीय ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे 0.72 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पूर्ण ग्रीडवर चालवलं तर 53 गुणिले 0.72, म्हणजे 38 किलो. नैसर्गिक वायूच्या जुन्या पद्धतीच्या चौपट घाण. 2 किलोत राहायचं तर ग्रीडची वीज 2.8 युनिटपेक्षा जास्त परवडत नाही.

हे 2.8 युनिट नेमके कॉम्प्रेसर खाऊन टाकतो. अल्कलाइन प्रकारच्या इलेक्ट्रोलायझरमधून कमी दाबाने आलेला हायड्रोजन सिलिंडरमध्ये किंवा ट्रेलरमध्ये भरण्याइतका दाबायला किलोमागे 2 ते 4 युनिट लागतात. सौर वीज करार करताना फक्त इलेक्ट्रोलायझरचा भार धरला, आणि कॉम्प्रेसर, ड्रायर, शीतकरणाचे पंप कारखान्याच्या नेहमीच्या जोडणीवर राहिले, तर 3 युनिटचे 2.16 किलो झाले. इलेक्ट्रोलायझर शंभर टक्के सौर विजेवर चालूनही माल हरित नाही! भारतीय मानकात शुद्धीकरण, वाळवणं आणि दाबणं हे सगळं धरलेलं असल्यामुळे आराखड्यातच या यंत्रांचा भार नवीकरणीय कराराखाली घ्यावा आणि त्यांना वेगळा मीटर लावावा.

रात्रीची वीज

आता वेळापत्रक. सोलापूरच्या माळावरचा सौर प्रकल्प दिवसातले सहा-सात तास भरपूर वीज देतो. इलेक्ट्रोलायझर मात्र महाग, तो तेवढेच तास चालवला तर भांडवल बसून राहतं. शिवाय अल्कलाइन यंत्र 20-30 टक्क्यांखाली नेता येत नाही, कारण कमी भारावर पडद्यातून हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो आणि स्फोटाच्या मर्यादेजवळ जाऊ लागतो. मग सुरक्षा यंत्रणा ते बंद पाडते. म्हणून मालकाला ते रात्रीही चालतं ठेवायचं असतं.

भारतात त्याची सोय बँकिंगने होते. केंद्राच्या फेब्रुवारी 2022 च्या धोरणाने दुपारची जास्तीची वीज 30 दिवसांपर्यंत ग्रीडकडे जमा ठेवायची मुभा दिली, आणि मानकातही बँक केलेली नवीकरणीय वीज नवीकरणीयच धरली जाते. रात्री दोनला प्रत्यक्षात वीज औष्णिक केंद्रातून येते, पण कागदावर ती दुपारचीच असते.

युरोपीय संघाने याच जागी नियम आवळले आहेत. नवीकरणीय हायड्रोजनसाठी तिथे 2029 अखेरपर्यंत वीज आणि उत्पादनाचा मेळ महिन्याच्या हिशेबाने बसवला तरी चालतो. 2030 पासून तासाचा तासाशी. अमेरिकेत क्लीन हायड्रोजन बनवणाऱ्यांना मिळणाऱ्या कर-सवलतीच्या जानेवारी 2025 च्या अंतिम नियमांतही 2030 पासून तासागणिक मेळाचीच अट आहे, आणि वीज नव्या प्रकल्पातली, त्याच प्रदेशातली हवी. अशा हिशेबात रात्री दोनला बनलेला किलोभर हायड्रोजन ग्रीडच्या 38 किलोंचा धरला जाऊ शकतो. भारतात बिनदिक्कत ग्रीन असलेला माल तासाच्या मेळावर साफ आपटतो, आणि ‘प्रत्येक ग्रीन हा क्लीन’ हे वाक्य इथे तुटतं.

बँकिंग ही पळवाट आहे असं म्हणणं मात्र अन्यायाचं ठरेल. नवा उद्योग उभा राहताना इलेक्ट्रोलायझर जास्त तास चालले तरच किलोचा भाव खाली येतो, आणि युरोपनेही महिन्याचा मेळ याच कारणासाठी काही वर्षं चालू ठेवला आहे. प्रश्न फक्त ती सवलत कधी संपते याचा आहे. ती तारीख युरोपने लिहून ठेवली आहे, आपणही ठेवायला हवी.

पैसा कसा वाटला

मिशनच्या तरतुदीतले 17,490 कोटी ‘साइट’ या प्रोत्साहन योजनेचे: 4,440 कोटी इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्यांना, 13,050 कोटी हायड्रोजन बनवणाऱ्यांना. उत्पादकाला तीन वर्षं, पहिल्या वर्षी किलोला जास्तीत जास्त 50, मग 40, मग 30 रुपये. निविदेत जो कमी मागेल त्याला काम. 2 किलोच्या आत असलात की पुरे, 1.9 असो वा 0.2, रक्कम तीच.

अमेरिकेच्या 2022 च्या कायद्याने किलोमागच्या कर-सवलतीला पायऱ्या ठेवल्या. मजुरी आणि प्रशिक्षणाच्या अटी पाळल्या तर 4 ते 2.5 किलोला 60 सेंट, 2.5 ते 1.5 ला 75 सेंट, 1.5 ते 0.45 ला एक डॉलर, आणि 0.45 च्या खाली एकदम तीन डॉलर. तेही दहा वर्षं. आपले पहिल्या वर्षीचे 50 रुपये 2023 च्या विनिमय दराने त्यांच्या सगळ्यात खालच्या पायरीइतके होतात. त्यांच्या रचनेत आणखी स्वच्छ होण्याचं बक्षीस आहे, पण शेवटच्या पायरीचा कडा फार उभा आहे: 0.46 ला एक डॉलर आणि 0.44 ला तीन. तासागणिक मेळावरून तिथे एवढी भांडणं झाली ती या दोन डॉलरांमुळे. जुलै 2025 च्या कायद्याने ही सवलत आकसली. आता 2028 उजाडण्यापूर्वी बांधकाम सुरू झालेल्या प्रकल्पांनाच ती मिळेल.

भारताचा हात फक्त त्या 50 रुपयांवर थांबत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. 2030 अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क 25 वर्षं माफ आहे. हायड्रोजनच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा विजेचा असल्यामुळे दीर्घकाळात ही माफी रोख अनुदानापेक्षा जड ठरू शकते.

जपानचं 2017 चं पहिलं धोरण पुरवठ्यावर भर देणारं होतं. 2023 च्या सुधारित धोरणात किलोमागे 3.4 किलोची मर्यादा आली. युरोपची मर्यादाही जवळपास तेवढीच पडते, पण ती वापराच्या ठिकाणापर्यंत मोजली जाते: हायड्रोजन अमोनियाच्या रूपात नेला तर जहाजाचं इंधन आणि अमोनिया फोडून परत हायड्रोजन काढण्याची ऊर्जाही त्यातच.

महाराष्ट्रातल्या प्रकल्पासाठी

राज्याने 2023 मध्ये स्वतःचं हरित हायड्रोजन धोरण आणलं, 8,562 कोटी रुपयांचं; अंमलबजावणी महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे. ग्राहक इथेच आहेत: माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि आरसीएफचे (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) ट्रॉम्बे व थळचे खत कारखाने. एक टन अमोनियात सुमारे 176 किलो हायड्रोजन असतो आणि आज तो नैसर्गिक वायूपासून येतो. हा माल देशातच खपणार असेल तर भारतीय मानक पुरेसं आहे.

साखर कारखान्यांनी विशेष जपावं. बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) काढलेला हायड्रोजन भारतात 2 किलोच्या आत असला की हरितच. युरोपच्या नवीकरणीय हायड्रोजनच्या वर्गात मात्र जैविक स्रोत बसतच नाही; तो जैवइंधनांच्या वेगळ्या नियमांखाली जातो. युरोपीय खरेदीदाराच्या पत्रात ‘रिन्युएबल’ शब्द दिसला म्हणून बगॅसवर आधारलेला प्रस्ताव पाठवू नये.

निर्यात करायचीच असेल तर पहिल्या दिवसापासून विजेच्या नोंदी तासागणिक ठेवा, आज कुणी मागत नसलं तरी. मागचे तास नंतर तयार करता येत नाहीत. आणि वीज करार नव्या यंत्राच्या 53 युनिटवर करू नका. इलेक्ट्रोलायझरचे स्टॅक, म्हणजे ज्यांत प्रत्यक्ष अपघटन होतं ते सेलचे संच, झिजतात. वीजवापर वर्षाला साधारण एक टक्क्याने चढतो आणि दहाव्या वर्षी 58 च्या आसपास पोचतो. वाढलेले 5 युनिट ग्रीडमधून आले तर किलोमागे 3.6 किलो वाढले. अमेरिकेच्या चारच्या आत, भारताच्या दोनच्या बाहेर. म्हणून सौर-पवन क्षमता दहाव्या वर्षाच्या वापरावर ठरवावी, किंवा स्टॅक कधी बदलायचे त्याचं वर्ष आणि खर्च करारातच लिहून घ्यावा.