जादूगारांना चकवणारा एअरचा किराणा दुकानदार

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एअर हे गाव बहुतेकांना कवी रॉबर्ट बर्न्समुळे माहीत असतं. शेजारचं ॲलोवे ही त्याची जन्मभूमी. जादूगारांना मात्र एअर म्हटलं की जॉन रॅम्झी आठवतात. १८७७ साली जन्मलेले आणि १९६२ साली वारलेले हे गृहस्थ धंद्याने किराणा दुकानदार. हातचलाखीतलं त्यांचं नाव मात्र व्यावसायिक जादूगारांनीही मानाने घ्यावं असं होतं.

एकेकाळी याच देशात चेटकाला देहदंड होता. कायदा १५६३ चा. १५८४ मध्ये रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रजाने हातचलाखीच्या युक्त्या छापून यात सैतानाचा काही संबंध नाही असं मांडलं, तर स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्स राजाने १५९७ मधल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याचं नाव घेऊन त्याला झोडपलं. तो कायदा गेला १७३६ मध्ये. पुढच्या शतकात जॉन हेन्री अँडरसन (१८१४–१८७४) हा स्कॉटिश जादूगार ‘उत्तरेचा जादूगार’ म्हणून जगभर गाजला. मोठं रंगमंच, मोठ्या जाहिराती, सगळंच मोठं. १८५६ मध्ये लंडनचं कॉव्हेंट गार्डन थिएटर त्याच्या ताब्यात असतानाच जळून खाक झालं.

रॅम्झी अगदी दुसऱ्या टोकाचे. त्यांची जादू टेबलावर मावायची. पेले आणि चेंडूंचा खेळ त्यांचा लाडका. आपल्याकडचे गारुडी वाट्या-गोळ्यांनी करतात तोच हा. रोमन काळात सेनेकानेही त्याचा उल्लेख केला आहे. दुसरा खेळ नळी आणि नाण्यांचा, आणि तो रॅम्झींची खरी ओळख ठरला. चार नाणी, चामड्याची पोकळ नळी, एक लहानसं बूच आणि कांडी. बुचावर नळी ठेवायची. हातातली नाणी एकेक करून नाहीशी होतात. नळी उचलावी तर बुचाच्या जागी नाण्यांची चळत. पुन्हा झाकावं, तर नाणी हातात परत आणि नळीखाली बूच.

यात बोटांची सफाई लागतेच, पण माझ्या मते रॅम्झींचं मोठेपण नजरेच्या वापरात होतं. प्रेक्षकांनी एखादी वस्तू बघायला हवी असेल तर आपण आधी ती बघायची. त्यांनी आपल्याकडे बघायला हवं असेल तर आपण त्यांच्याकडे बघायचं, हा त्यांचा नियम. जादूगार समोर बसले की ते आणखी एक पायरी पुढे जात. रिकामा हात असा काही अवघडून धरत की जाणकाराला वाटावं, सापडला! जाणकार त्या हातावर डोळे रोखून बसे आणि खरं काम दुसरीकडे उरकलेलं असे. साध्या प्रेक्षकाला हा सापळा लागू पडतच नाही. तो जाणत्यासाठीच रचलेला.

१९४८ मध्ये व्हिक्टर फॅरेली यांनी हे दोन्ही खेळ छापले, तेव्हा रॅम्झी सत्तरीला आले होते. पुढे त्यांचे शिष्य अँड्र्यू गॅलोवे यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि तेच खेळ स्वतः करूनही दाखवले. तळहात मोकळा दिसावा आणि नाणं मात्र हातातच राहावं, अशी बोटांची एक ठेवण नाण्यांचे जादूगार आजही रॅम्झींच्याच नावाने ओळखतात.