कुत्र्याच्या चाव्यावर मिरचीपूड नको
कोकणातल्या वाड्यांमधून आजही सांगितले जाते की कुत्रा चावल्यास जखमेत मिरचीपूड किंवा चुना भरावा, आणि कुत्रा घरचाच असेल तर त्याचीही गरज नाही. सांगणाऱ्यांचा हेतू मायेचा असला, तरी हा समज जिवावर बेतणारा आहे. तिखटाने रेबीजचा विषाणू मरत नाही; उलट जखम चिघळते आणि लाळेतला विषाणू मज्जातंतूंपर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. पोटातल्या 14 इंजेक्शनांची भीती आता निराधार आहे; लस दंडात देतात. पडवीत मुलांसोबत वाढणाऱ्या पिल्लालाही तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचावी, कारण लक्षणे उमटल्यानंतर या रोगावर खात्रीचा उपचार नाही.