किनारी कोकणातील घरगुती निवास : आपत्तीनंतरची उभारणी

घरगुती निवास म्हणजे राहत्या घरातल्या किंवा वाडीतल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना भाड्याने देऊन, घरच्याच स्वयंपाकाचे जेवण-न्याहारी पुरवण्याचा व्यवसाय. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर तो मुख्यतः नारळी-पोफळीच्या वाडीला जोडून वाढला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने त्याला नोंदणीची चौकट दिली. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यावर मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले भागात त्याचा पसारा वाढला.

मार्च २०२० मधल्या टाळेबंदीने मे महिन्याचा हंगाम बुडाला. पाठोपाठ ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली पट्ट्यातल्या वाड्या झोपल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचा किनारा झोडपला. सलग दोन वर्षे मे महिन्याची कमाई गेली. उभारणीत बहुतेकांनी आधी खोल्या दुरुस्त केल्या, रंग काढला, वातानुकूलन बसवले. ते समजण्यासारखे असले तरी क्रम चुकीचा होता. पाहुणा कोकणात येतो तो पोफळीची सावली, विहिरीचे गार पाणी आणि चुलीवरच्या जेवणासाठी. खोली त्याला कुठेही मिळते. म्हणून विहीर आणि वाडी आधी, खोली नंतर.

पहिला आठवडा

पडलेली झाडे आणि उडालेले पत्रे हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. चारही बाजूंनी, घर ओळखू येईल अशी, तारखेसह. तलाठ्याचा पंचनामा होण्याआधी आवार साफ केले की नुकसान सिद्ध करणे अवघड जाते. झाडांची मोजणी जातवार लिहून ठेवावी : नारळ किती, पोफळी किती, त्यांतली उत्पन्न देणारी किती. निसर्ग वादळानंतर फळबागांची मदत हेक्टरी ५०,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. पण कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजतात. १० गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने ५,००० रुपयेच येतात, मग त्यात दोनशे पोफळी का उभ्या असेनात. झाडामागे मदत मिळावी ही बागायतदारांची मागणी याच विसंगतीतून आली आणि ती रास्त होती. झाडवार यादी तयार असेल तरच अशा मागणीला आधार मिळतो.

विहिरीत पालापाचोळा आणि पुराचे पाणी गेलेले असते. आधी उपसा करून गाळ काढावा, मग नव्याने भरलेले पाणी निर्जंतुक करावे. पाण्याचा अंदाज घेण्यासाठी व्यासाचा वर्ग करून त्याला ३.१४ ने गुणावे, ४ ने भागावे आणि पाण्याच्या खोलीने गुणावे. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असेल तर ते सुमारे १४,००० लिटर होते. ताज्या ब्लीचिंग पावडरचे नेहमीचे प्रमाण १,००० लिटरला २.५ ग्रॅम आहे, म्हणजे या विहिरीला ३५ ग्रॅम. पुरानंतर जास्त मात्रा लागते. ती आरोग्य सेवकाकडून पाणी तपासून ठरवावी. पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी आणि वरखाली ढवळावी. निदान तासभर पाणी वापरू नये. पावसाळ्यात दमट झालेल्या, उघड्या पिशवीतल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो. मग ग्रॅम बरोबर टाकूनही पाणी दूषित राहते आणि पाहुणे आजारी पडतात.

छप्पर

निसर्ग वादळात सिमेंटचे आणि लोखंडी पत्रे मोठ्या प्रमाणात उडाले. पत्रा सहसा मधून फाटत नाही. वारा वळचणीखाली शिरतो, कडेचा पहिला पत्रा उचलतो आणि मग ओळीने सगळे जातात. म्हणून कडेच्या आणि कोन्याच्या ओळीत जे-हुक (पत्रा छपराच्या सांगाड्याला आवळणारे आकडे) दुप्पट घ्यावेत, वळचण दीड फुटाहून जास्त बाहेर काढू नये आणि कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या तिकोनी चौकटी) भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्याला बोल्टने बांधाव्यात. जांभ्याच्या भिंतीवर नुसती ठेवलेली कैची पत्र्यासकट उचलली जाते. मंगळुरी कौले उडाली तरी तेवढीच बदलता येतात आणि खोली गार ठेवतात. मात्र कडेच्या दोन ओळी तारेने किंवा चुन्या-सिमेंटने बांधून घ्याव्यात.

किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिक रहिवाशांना ग्रामीण किनाऱ्यावर घरगुती निवासाची मुभा दिली आहे. अट अशी की जुन्या घराचे जोत्याचे क्षेत्र, रचना आणि दर्शनी रूप बदलायचे नाही. दुरुस्तीच्या निमित्ताने एक खोली समुद्राकडे वाढवली की ही मुभा धोक्यात येते.

विहीर ठरवते खोल्या किती

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. जांभा सच्छिद्र आहे. पाणी शोषतो आणि उताराने समुद्राकडे सोडून देतो. नेमक्या त्याच दोन महिन्यांत पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी असते. या व्यवसायाची खरी मर्यादा इथे आहे, कर्जात किंवा जाहिरातीत नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीची झीर, म्हणजे झिरपून येणारे पाणी, मोजावी. पंपाने पाणी अर्धा मीटर खाली आणून पंप बंद करावा आणि पातळी पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत अर्धा मीटर म्हणजे सुमारे ३,५०० लिटर. त्याला १२ तास लागले तर दिवसाला ७,००० लिटर हाती आहेत. ठिबकवर पोफळीला रोज १६ ते २० लिटर धरले तर १०० झाडांना २,००० लिटर जातात. पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटरने ६७५. उरले साधारण ४,३००. त्यातला तिसरा हिस्सा राखून ठेवावा, कारण एखादे वर्ष वळवाचा पाऊस उशिरा येतो. राहिलेल्या २,८०० ते २,९०० लिटरमध्ये, चादरी-टॉवेल धुण्यासह पाहुण्यामागे २०० लिटर धरून, १४ माणसे बसतात. म्हणजे चार खोल्या. पाचवी खोली बांधली तर मेमध्ये टँकर मागवावा लागतो आणि त्या खोलीचा नफा टँकरवाला घेऊन जातो.

समुद्रालगतच्या विहिरीत आणखी एक गोष्ट घडते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर तिच्याखाली साधारण ४० मीटर गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपशाने पातळी एक फूट उतरली की खालचे खारे पाणी त्याच्या चाळीसपट वर सरकू पाहते. मोठा पंप सलग चालवणाऱ्याची विहीर आधी मचूळ होते, मग शेजाऱ्याची. लहान पंप सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा चालवणे हाच उपाय आहे, आणि तो आळीतल्या सगळ्यांनी मिळून केला तरच उपयोगी पडतो.

१०० चौरस मीटर छपरावरून पावसाळ्यात सुमारे २,४०,००० लिटर पाणी मिळू शकते. ते विहिरीत गाळून सोडावे हे खरे, पण त्याने मेचा प्रश्न सुटेल असे मानू नये. जांभ्यातून बरेचसे पाणी हिवाळ्यातच निघून जाते. पुनर्भरणाने खारे पाणी मागे रेटायला मदत होते. मेसाठी मात्र २० ते ३० हजार लिटरची बंदिस्त टाकीच लागते.

शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा, जांभ्यात त्याहून जास्त. रस्त्यापासून समुद्राकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाड्यांत हे अंतर अनेकदा मिळत नाही. तिथे शोषखड्डा टाळून टाकीचे पाणी तळाला अस्तर केलेल्या केळीच्या वाफ्यात सोडावे. दोन-तीन वर्षांनी गाळ काढला नाही तर मैला थेट पुढे वाहतो, आणि गर्दीच्या मे महिन्यातच हे उघडकीला येते.

वाडी परत लावताना

पोफळ फळाला यायला ५ ते ७ वर्षे आणि बाणवली नारळाला ६ ते ८ वर्षे लागतात. पोफळीचे अंतर २.७ मीटर, नारळाचे ७.५ मीटर ठेवतात. कोवळ्या पोफळीला नैर्ऋत्येकडचे ऊन भाजते, म्हणून त्या बाजूने केळी आधी लावायच्या. वर्षभरात केळीचे घड मिळतात आणि पाहुण्यांना सावलीही दिसू लागते. नारळाच्या दोन झाडांमध्ये जायफळ, दालचिनी, मिरी लावण्याची भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ पद्धत इथे उपयोगी आहे. पाहुणा जाताना मिरी आणि जायफळ विकत घेतो. ही विक्री खोली रिकामी असतानाही चालू राहते.

पैसा, विमा, नोंदणी

केंद्राने जून २०२१ मध्ये पर्यटन व्यावसायिकांसाठी १० लाखांपर्यंत सरकारी हमीच्या कर्जाची योजना जाहीर केली. त्यासाठी पर्यटन खात्याची मान्यता लागत होती. किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांकडे ती नव्हती, त्यामुळे ती त्यात बसली नाहीत. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळतो. घरगुती निवासात निम्म्याहून अधिक काम घरातल्या बाईचे असते. नोंदणीही तिच्या नावाने असणे न्यायाचे आहे.

१ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ विम्यात वादळ आणि पूर येतात. घराचा साधा विमा असताना खोल्या भाड्याने दिल्या आणि ते कळवले नाही, तर दावा अडकतो. बुडालेल्या हंगामाची भरपाई या विम्यात आपोआप नसते. ती वेगळी घ्यावी लागते.

पावसाळा वगळला तर वर्षात शुक्रवार-शनिवारच्या सुमारे ७० रात्री उरतात. दिवाळी, नाताळ आणि मे धरून त्या शंभरच्या आसपास जातात. वर्षाचा सगळा स्थिर खर्च या शंभर रात्रींवर वाटून दर ठरवावा. आरक्षण संकेतस्थळांचे १५ ते २५ टक्के कमिशन त्यात धरावे आणि चार पावसाळी महिन्यांचा खर्च बाजूला काढावा. वादळाचा इशारा आला की आगाऊ रक्कम परत करण्याऐवजी तारीख बदलून देण्याची अट आरक्षणाच्या वेळीच लिहून द्यावी.

वेळासचे उदाहरण

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि पुढे त्यातूनच कासव महोत्सव उभा राहिला. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती कुंपणाच्या आत हलवून पुरतात. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात आणि जेवण घरचेच असते. इथली अडचण पिल्लांच्या वेळेची. वाळूच्या तापमानानुसार ती ४५ ते ६० दिवसांत कधीही बाहेर येतात. एखाद्या शनिवारी दोनशे माणसे किनाऱ्यावर उभी असतात आणि घरट्यावर पालथ्या घातलेल्या टोपलीखाली एकही पिल्लू नसते. ज्या घरांनी पाहुण्याला हे आधी स्पष्ट सांगितले, खाडीची फेरी आणि वाडीतला फेरफटका जोडीला दिला, त्यांच्याकडून तो नाराज होऊन परतत नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने २०१७ मध्ये सुरू केलेली कांदळवन सफर अशाच जोडफेरीचा नमुना आहे : वल्ह्याची होडी, थोडे पाहुणे, आणि कांदळवनाची ओळख करून देणाऱ्या गावातल्याच बायका.