शनिवारवाड्याखालचं 'गुप्त भुयार' म्हणजे पाण्याचा नळ आहे हो!

शनिवारवाड्यातून थेट पर्वतीला, काहींच्या मते तर पार सिंहगडापर्यंत भुयार आहे आणि पेशवे त्यातून घोड्यावरून जायचे, हे पुण्यात प्रत्येकाने लहानपणी ऐकलेलं असतं. पण जमिनीखाली जे खरंच आहे ते कात्रजच्या पाण्याचं काम आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास कात्रजला तलाव बांधला आणि तिथून दगड-विटांच्या चुन्यातल्या बंदिस्त नळातून पाणी शहरात, वाड्यापर्यंत आणलं, तेही पंप वगैरे काही नसताना, फक्त उतारावर!

हा नळ बऱ्याच ठिकाणी माणूस आत शिरेल एवढा मोठा आहे, कारण गाळ काढायला उतरावं लागायचं. मध्येमध्ये विहिरीसारखे उच्छ्वास ठेवलेत, हवा बाहेर पडायला आणि गाळ खाली बसायला. आता रस्ता खोदताना असा उच्छ्वास उघडा पडला आणि कुणी आत डोकावून अंधारात जाणारी कमान बघितली की झालं, भुयार सापडलं म्हणून फोटो फिरायला लागतात. काळा हौद, बदामी हौद याच पाण्यावर भरायचे, सगळ्या पेठेची तहान भागवणारं काम आहे ते, त्याला पळवाट म्हणू नका प्लीज.